गुलाम वगळून केलेले बंड

विद्रोह हा शब्द आता इतका चलनी झाला आहे की तो कोणाविरुद्ध आणि कशासाठी, असे विचारणाराच अरसिक ठरतो. कवितेत असे घडले तर आपण सावध होतो. परंतु जे परदेशी विज्ञानपट आणि मालिका आपले विद्यार्थी रात्र रात्र जागून पाहतात, तेथील बंडखोरांना मात्र बिनशर्त आपले मानले जाते. साम्राज्य म्हटले की वाईट, त्याविरुद्ध उठलेला मूठभरांचा जथा म्हटला की चांगला. हे समीकरण तपासण्यासाठी मी एकच कलाकृती घेतो : २००२ साली अमेरिकेत दाखवली गेलेली ‘फायरफ्लाय’ ही मालिका.

हिचे चौदा भाग तयार झाले, अकरा दाखवले गेले आणि वाहिनीने ती बंद केली. तरीही तिचे चाहते हटले नाहीत. त्यांनी पत्रे पाठवली, मोहीम चालवली, आणि २००५ साली ‘सेरेनिटी’ हा चित्रपट निघाला. मालिकेतली हकीगत सरळ आहे. पाचशे वर्षांनंतरचा काळ. मधल्या श्रीमंत ग्रहांची ‘अलायन्स’ नावाची सत्ता कडेच्या गरीब ग्रहांना बळाने आपल्यात ओढते. स्वतंत्र राहू पाहणारे लढतात आणि हरतात. हरलेल्या सैन्यातला माल्कम रेनॉल्ड्स एक जुनाट यान घेऊन चोरटी मालवाहतूक करीत फिरतो, पण लढाईतला तपकिरी कोट अंगावरून उतरवत नाही. त्या कोटावरून चाहत्यांनी स्वतःला नाव घेतले : ‘ब्राऊनकोट’. म्हणजे ते नुसते प्रेक्षक राहिले नाहीत. एका हरलेल्या सैन्यात त्यांनी आपली नावे नोंदवली.

हे सैन्य आले कोठून? मालिकेचा कर्ता जॉस व्हेडन याने ते लपवलेले नाही. मायकेल शारा यांची ‘द किलर एंजल्स’ ही १९७४ ची कादंबरी वाचून त्याला ही कल्पना सुचली. ती कादंबरी १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईवर आहे. त्या यादवी युद्धात हरलेली बाजू अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांची. म्हणजे ब्राऊनकोटांचा कोट ज्या खुंटीवरून काढला, ती खुंटी गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरातली आहे.

१८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम म्हणून मोजली गेली. दक्षिणेच्या बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी १८६१ साली सव्हाना येथील भाषणात, गोऱ्यांचे श्रेष्ठत्व आणि काळ्यांची गुलामी हाच आपल्या राज्याचा कोनशिलेचा दगड आहे, असे उघड सांगितले. युद्ध हरल्यावर मात्र भाषा बदलली. एडवर्ड पोलार्ड या पत्रकाराच्या १८६६ च्या पुस्तकाने त्या बदललेल्या भाषेला नाव दिले : हरलेले ध्येय. आम्ही गुलामांसाठी लढलोच नाही. आम्ही घरादारासाठी, राज्यांच्या हक्कांसाठी, केंद्राच्या दांडगाईविरुद्ध लढलो. ज्या चाळीस लाखांमुळे युद्ध पेटले ते हकीगतीतून नाहीसे झाले आणि मागे उरला एक उमदा, जखमी, मानी पराभूत. माल्कम रेनॉल्ड्स हा त्याच घराण्यातला आहे.

यावर चाहत्यांचे उत्तर ठरलेले असते. माल्कम गुलामांचा व्यापार करणाऱ्यांचा द्वेष करतो. एका भागाच्या आरंभीच तो त्यांचे पैसे लांबवतो आणि मारामारी करतो. त्याच्या शेजारी लढलेली झोई ही काळी स्त्री आहे. खरे आहे, पण माझा आक्षेप नेमका येथे आहे. दक्षिणेच्या ध्येयाला निर्मळतेचा दाखला हवा होता आणि तो काळ्या स्त्रीच्या हातून घेतला आहे. झोई कशासाठी लढली, हे तिला कोणी नीट विचारीतच नाही. तिची भूमिका करणारी जीना टोरेस ताकदीची नटी आहे, म्हणून तर ही रिकामी जागा अधिक बोचते. आणखी एक गोष्ट. या जगात सगळे चिनी भाषेत शिव्या देतात, पाट्यांवर चिनी अक्षरे आहेत, परंतु यानावरच्या नऊ जणांत एकही चिनी चेहरा नाही. बोली घ्यायची आणि बोलणारा वगळायचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आपला या युद्धाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी ‘गुलामगिरी’चे अर्पणपत्र उघडावे. ते युद्ध संपून आठच वर्षे झाली होती, तेव्हा, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी आपला ग्रंथ गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा धरली. पुण्यात बसून जोतीरावांनी त्या युद्धात बाजू घेतली होती. तपकिरी कोट चढवणारा आपला विद्यार्थी नकळत समोरच्या तंबूत जाऊन बसतो.

ब्राऊनकोटांची निष्ठा खोटी आहे असे मी म्हणत नाही. २००६ पासून ते ‘सेरेनिटी’चे खेळ लावून स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेला निधी देत आले. ते चांगलेच काम आहे. पण निष्ठा खरी असली म्हणून ध्येय तपासायचे नाही, असे थोडेच आहे?

दुसरे उदाहरण सुझन कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’चे. २००८ च्या या कादंबरीतली रू ही शेतमजुरांच्या अकराव्या जिल्ह्यातली मुलगी. तिची त्वचा गडद तपकिरी आहे असे पुस्तकातच लिहिलेले आहे. २०१२ च्या चित्रपटात ती भूमिका अमांडला स्टेनबर्ग या काळ्या मुलीने केली तेव्हा बंडाचे कित्येक चाहते चिडले. काहींनी तर ती काळी निघाल्याने तिच्या मरणाचे दुःख कमी झाले असे जाहीरपणे लिहिले. चित्रपटात रूच्या मरणानंतर नायिका तीन बोटे उंचावते आणि ते पाहून अकरावा जिल्हा पेटून उठतो. ती खूण जिच्यासाठी केली, तिलाच या चाहत्यांनी नाकारले.

तीच तीन बोटे मे २०१४ मध्ये थायलंडच्या लष्कराने सत्ता बळकावल्यावर बँकॉकच्या रस्त्यांवर दिसली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये खोन केन येथे पंतप्रधानपदी बसलेला सेनापती भाषण करीत असता पाच विद्यार्थी पुढे आले आणि त्यांनी ती खूण केली. त्यांना ताब्यात घेतले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने तेच केले, तेव्हा तेथील डॉक्टर आणि परिचारिकांनीही तीन बोटे उंचावली. कोणाविरुद्ध आणि कशासाठी, हे यांतल्या कोणालाही विचारावे लागले नाही.