सुपें परगण्याची डिजिटल सूची : एक परीक्षण

बारामती तालुक्यांतील सुपें व आसपासचीं गांवें येथील जुन्या घराण्यांतील मोडी कागदांचीं छायाचित्रें घेऊन एका तरुण विद्यार्थ्यानें त्यांची संगणकीय सूची रचण्यास घेतली आहे. तिचा पहिला खर्डा आम्हीं मागें पाहिला होता. दुसरा नुकताच हातीं आला. कागद माळ्यावरचा कीं देव्हाऱ्यांतला, रुमालांत त्याच्या शेजारीं कोणता कागद होता, हें त्यानें प्रत्येक नोंदींत लिहिलें आहे. ही दक्षता जुन्या छापील संग्रहांतही सर्वत्र आढळत नाहीं. एवढ्याकरितां तरी त्याचें अभिनंदन करणें अवश्य आहे.

परंतु पहिल्या खर्ड्यांतील कालनिर्णय मुळांतच फसला होता. एका कौलनाम्यावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असें साल आहे, म्हणजे ११६१. महिन्याचें नांव मुसलमानी पाहून विद्यार्थ्यानें हा हिजरी सन धरला, व संगणकानें इ. स. १७४८ असें उत्तर दिलें. वस्तुतः हा मृगापासून सुरू होणारा शुहूर सन होय. त्याप्रमाणें हें साल १७६०-६१, म्हणजे पानिपताचें. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरांत वारले. नानासाहेबांच्या अखेरच्या वर्षांतला कौल अशा रीतीनें शाहू महाराजांच्या हयातींत जाऊन बसला, आणि गांव केव्हां ओस पडलें याविषयींचें त्याचें पानभर विवेचन व्यर्थ गेलें.

आम्हीं त्यास ६०० मिळवावयास सांगितलें. दुसऱ्या खर्ड्यांत त्यानें सर्वत्र ६०० च मिळविले! हा दोष आमचा; मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवावे लागतात, हें सांगावयाचें राहून गेलें होतें.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. दुसऱ्या खर्ड्यांत कागदावरील सालाचे मूळ शब्द गाळून केवळ इंग्रजी तारीख ठेविली आहे. ज्या पत्रांत नुसता चंद्र व महिना आहे, साल नाहीं, त्यांसही तर्कानें एक वर्ष चिकटविलें आहे, कारण कोष्टकांतील रकाना रिकामा सोडतां येत नाहीं म्हणे. स्थळांचेंही तेंच. 'सुप्यास' एवढेंच लिहिलेलें एक पत्र पारनेर तालुक्यांतील सुप्याच्या नांवावर गेलें आहे. दोन्ही गांवांचें विभक्तिरूप एकच. कदाचित् तें पारनेरकडचें असेलही. पण नकाशावर टिंब उमटलें कीं वाचणारास शंका उरत नाहीं. कागद काय म्हणतो व आपण त्यावरून काय ठरवितों, यांस दोन स्वतंत्र रकाने हवेत, आणि दुसरा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा हवी.

हें काम पुढील खर्ड्यावर ढकलूं नये. कौलनाम्याच्या रुमालास कसर लागली आहे, त्यांतील कित्येक छायाचित्रें अंधुक निघालीं आहेत, आणि तो रुमाल पुन्हां उलगडण्यास घरचे लोक आतां राजी नाहींत.