आधी उत्सव, मग ‘जुनं’ शहर

भूकंपात ओली वाळू घट्टपणा सोडून पाण्यासारखी का वागते, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यात शिरलेला माणूस कधी ना कधी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला पोचतोच. २९ जून १९२५ ला सकाळी पावणेसातच्या सुमारास तिथे मोठा भूकंप झाला आणि जेमतेम आठ वर्षांपूर्वी बांधलेलं शेफील्ड धरण वाहून गेलं. मातीच्या द्रवीकरणाचं ते एक अभिजात उदाहरण मानतात. पण आज वाळूबद्दल नाही लिहीत. त्या भूकंपाबद्दल वाचताना तिथल्या उन्हाळी उत्सवाचा इतिहास समोर आला, आणि त्यातला कालक्रम मला अजून स्वस्थ बसू देत नाहीये.

उत्सवाचं नाव ‘ओल्ड स्पॅनिश डेज’, लोक नुसतं ‘फिएस्टा’ म्हणतात. दर ऑगस्टच्या सुरुवातीला असतो. जुन्या मिशन चर्चच्या पायऱ्यांवर नाचगाण्याने सुरुवात, मग घोड्यांची ‘ऐतिहासिक’ मिरवणूक, चौकात बाजार, आणि रंगीत कागदाचे कपटे भरलेली अंड्यांची टरफलं एकमेकांच्या डोक्यावर फोडणं. भोवती पांढऱ्या भिंती, कमानी, लाल कौलं. बघणाऱ्याला वाटणारच, की हे जुनं स्पॅनिश गाव आहे आणि त्याचा जुना सण टिकून राहिलाय.

आता तारखा बघा. पहिला फिएस्टा ऑगस्ट १९२४ चा. लोबेरो थिएटर नव्याने बांधून उघडलं जात होतं आणि व्यापाऱ्यांना उन्हाळ्यात पर्यटक हवे होते. (हे नाट्यगृह मुळात १८७३ साली काढणारे होसे लोबेरो इटालियन होते, जन्मनाव जुझेप्पे. नाव बदलून स्पॅनिश वळणाचं होणं इथे तेव्हापासूनचं आहे म्हणायचं.) मुख्य रस्त्यावर त्या वेळी बरीचशी दुकानं कुठल्याही अमेरिकन गावात शोभतील अशी विटांची होती. दहा महिन्यांनी भूकंपाने त्यातली पुष्कळ पाडली. मग बर्नहार्ड हॉफमन, पर्ल चेस वगैरे मंडळींनी जोर लावला, नव्या इमारतींचे नकाशे तपासायला समिती बसली आणि शहर ‘स्पॅनिश’ शैलीत उभं राहिलं. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते कोर्टहाउस १९२९ चं आहे! म्हणजे उत्सव आधी आला आणि त्याला साजेसं जुनं शहर बऱ्याच अंशी नंतर बांधलं गेलं. आमच्याकडे कुणी आधी वक्ररेषा काढून मग तिच्यावर बसणारे बिंदू गोळा केले, तर गाइड प्रबंध परत पाठवतील.

रेषा अगदीच हवेतली नव्हती, हेही खरं. दे ला गेरा कुटुंबाच्या मातीच्या विटांच्या घराभोवती ‘एल पासेओ’ ही दुकानांची वसाहत भूकंपाआधीच त्या शैलीत बांधली जात होती. आणि परंपरा घडवलेली असते, एवढ्यावरून मी उत्सवाला नावं ठेवणार नाही. तसं बघितलं तर प्रत्येक सण कुणीतरी कधीतरी सुरू केलेलाच असतो. माझा आक्षेप निवडीवर आहे.

‘स्पॅनिश’ हा शब्दच घ्या. इथलं लष्करी ठाणं १७८२ चं, स्पेनची सत्ता १८२१ ला संपली. पुढची पंचवीसेक वर्षं हा प्रदेश मेक्सिकोचा होता. ठाण्यावर आलेले बरेच सैनिकही आजच्या वायव्य मेक्सिकोतून आलेले, संमिश्र वंशाचे. मग ‘ओल्ड मेक्सिकन डेज’ का नाही? पत्रकार आणि इतिहासकार केरी मॅकविल्यम्स यांनी १९४० च्या दशकातच या सगळ्याला ‘कल्पित वारसा’ म्हटलं होतं. मेलेल्या स्पॅनिश जमीनदाराचं कौतुक करायचं आणि जिवंत मेक्सिकन मजुराला परका मानायचं, ही त्यांची तक्रार. मला ती पटते. १९३० च्या दशकात अमेरिकेतून लाखो मेक्सिकन लोकांना सीमेपार धाडलं गेलं, त्यात अमेरिकेचे नागरिकही होते.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते १९२४ हे सालच. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, २१ फेब्रुवारी १८२४ ला, या भागातल्या मूळच्या चुमाश लोकांनी मिशनांविरुद्ध उठाव केला. ठिणगी शेजारच्या सांता इनेस मिशनमध्ये एका चुमाश माणसाला फटके मारण्यावरून पडली. ला पुरिसिमा मिशन त्यांनी महिनाभर ताब्यात ठेवलं. सांता बार्बरा मिशनमध्येही चकमक झाली आणि तिथले चुमाश डोंगरापलीकडे निघून गेले. त्यांच्यावर सैनिक घेऊन गेलेला ठाण्याचा प्रमुख होता होसे दे ला गेरा. गंमत म्हणजे, हा मात्र खरोखर स्पेनमध्ये जन्मलेला.

शंभराव्या वर्षी शहराला भूतकाळ साजरा करावासा वाटला, तेव्हा समोर हीदेखील एक तारीख होती. शहराने उचललं ते गिटार आणि झालरीचे झगे.

दरवर्षी जिथे नाच सुरू होतो त्या पायऱ्या त्याच मिशनच्या आहेत. इमारत १८२० ची, म्हणजे उठावाच्या वेळी उभी होती. चौकातल्या बाजाराचं नाव ‘एल मर्कादो दे ला गेरा’. ‘गेरा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये युद्ध, पण इथे ते त्या प्रमुखाच्या घराण्याचं नाव आहे. २०२४ ला फिएस्टाची शंभरी भरली आणि त्याच वर्षी उठावाला दोनशे वर्षं झाली. तुम्ही कधी ऑगस्टमध्ये तिकडे गेलात तर अंडी जरूर फोडा, नाच बघा. आणि पायऱ्यांवर बसायला जागा मिळालीच, तर शेजारच्याला १८२४ बद्दल विचारून बघा.