गटाचे प्रशिक्षण आणि व्यक्तीचे गुण

आंतरजालावरून कामगारांच्या वा कर्मचाऱ्यांच्या गटांना जे प्रशिक्षण दिले जाते, त्याची गुणवत्ता आज बहुधा दोन गोष्टींवरून ठरविली जाते : पाठ किती जणांनी पुरे केले आणि अखेरच्या प्रश्नावलीत त्यांना किती गुण मिळाले. या दोन्ही गोष्टी व्यक्तीच्या आहेत. प्रशिक्षण मात्र गटाचे म्हणविले जाते. ही विसंगती हाच प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

या क्षेत्रातील रूढ चौकट डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडली. प्रतिक्रिया, ज्ञानग्रहण, वर्तन आणि फलित अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांची नोंद संगणक आपोआप ठेवतो. उरलेल्या दोहोंसाठी कामाच्या जागी जावे लागते. परिणामी मूल्यमापन दुसऱ्या पायरीवरच थबकते.

'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षणाचे उदाहरण बोधप्रद आहे. २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांच्या रूपाने सुरू झालेला हा उपक्रम महासाथीमुळे २०२० मध्ये 'दीक्षा' या मंचावर नेण्यात आला. प्राथमिक स्तरासाठी त्यात १८ पाठ्यघटक होते. तज्ज्ञाकडून साधनव्यक्तीकडे आणि तिच्याकडून शिक्षकाकडे जाताना आशयाची जी झीज होते, ती या मार्गाने टळली, हा लाभ मान्य केलाच पाहिजे. तथापि एका शाळेतील शिक्षकांनी त्या आशयाविषयी एकमेकांशी काही विचारविनिमय केला की नाही, हे व्यक्तीगणिक मिळणारे प्रमाणपत्र सांगू शकत नाही.

हा विचारविनिमय गौण नव्हे. कोपरगावसारख्या साखर कारखान्यांच्या तालुक्यात त्याचे महत्त्व सहज पटावे. गळीत हंगामात कारखाना अहोरात्र चालतो आणि पाळ्या बदलत राहतात. पॅनमध्ये शिजत असलेला पाक एका पाळीने दुसरीच्या हाती सोपवावयाचा असतो. दाणा कितपत वाढला, पाक किती दाट झाला, हे जाणाऱ्याने नेमके सांगितले नाही, तर येणाऱ्याचे प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते. दोघेही परीक्षेत उत्तीर्ण असूनही गट अप्रशिक्षितच राहू शकतो.

मग थेट चौथी पायरी, म्हणजे फलितच, का मोजू नये? कारण साखर उतारा उसाची जात, त्याची पक्वता, तोडणी आणि गाळप यांमधील विलंब अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असतो; त्यातून प्रशिक्षणाचा वाटा वेगळा काढणे दुष्कर आहे. वर्तनाची पायरी मात्र साध्य आहे, आणि गटाच्या बाबतीत वर्तन म्हणजे मुख्यतः परस्परांतील बोलणे होय. पाळी बदलतानाचे संभाषण, संबंधितांच्या संमतीने, प्रशिक्षणापूर्वी, लगेच नंतर आणि काही महिन्यांनी नोंदवावे. कोणती माहिती सांगितली गेली, कोणती गाळली गेली, ऐकणाऱ्याने उलट प्रश्न विचारले काय आणि पाठातील संज्ञा त्यांच्या तोंडी खरोखर रुळल्या काय, हे पाहावे.

हे काम श्रमाचे आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाने ते परक्याचे मानू नये. पाठातील शब्द पडद्यावरच राहिला असेल, तर गुणपत्रिका कितीही उजळ असली तरी प्रशिक्षण सफल झाले असे म्हणता येणार नाही.