कोल्हा शब्दांत नाही : मांडीवरच्या चित्रपुस्तकाविषयी



आज बोलायला जे पुस्तक घेऊन आलोय, त्यात एकूण ३२ शब्द आहेत. (हशा) हसू नका, व्याख्यान त्याहून लांब आहे.

पुस्तकाचं नाव 'रोझीज वॉक'. पॅट हचिन्स या ब्रिटिश लेखिकेचं, १९६८ सालचं. चित्रंही तिचीच. गोष्ट अशी : रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते. अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते, गवताच्या गंजीवरून, पिठाच्या गिरणीजवळून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी परत येते. संपलं. फोनवर कुणाला वाचून दाखवलीत तर तो म्हणेल, 'बरं, मग?'

आता पुस्तक उघडा. पहिल्यापासून तिच्या मागे कोल्हा आहे. झेप घेतो तर दाताळ्यावर पडतो आणि दांडा तोंडावर बसतो. मग तळ्यात पडतो. गवतात गाडला जातो. पिठाचं पोतं त्याच्यावर रिकामं होतं. शेवटी मधमाश्या मागे लागतात. कोंबडी मान ताठ ठेवून चाललीय, एकदाही वळून बघत नाही. आणि त्या ३२ शब्दांत 'कोल्हा' हा शब्द नाही.

मराठीत आपण 'सचित्र पुस्तक' आणि 'चित्रपुस्तक' हे शब्द सरमिसळ वापरतो. माझ्या मते त्यांत मोठा फरक आहे. सचित्र पुस्तकातली चित्रं काढून टाकली तरी गोष्ट उरते. चित्रपुस्तकातली काढली तर उरते नुसती फिरून आलेली कोंबडी. इथे शब्द वाचणाऱ्या मोठ्या माणसाच्या वाट्याचे असतात आणि चित्र मांडीवर बसलेल्याच्या वाट्याचं. म्हणजे वाचणाऱ्याला कळत नाही ते ऐकणाऱ्याला दिसतंय. दीड वर्षाच्या माणसाला आयुष्यात अशी संधी कितीदा मिळते, सांगा.

हे मला पहिल्या दिवशी समजलं असं मुळीच नाही. इथे थोडं घरचं सांगावं लागेल.

माझी नात वीस महिन्यांची आहे. शब्द कमी बोलते. डॉक्टरांनी तपासताना सहज विचारलं, किती शब्द झाले? झालं. लेकीने फ्रिजवर वही लटकवली. जो शब्द येईल तो तारखेनिशी लिहायचा. मी आयुष्यभर पुस्तकांवर लिहिलेला माणूस, मला वाटलं हे आपलं काम. रोज संध्याकाळी तिला मांडीवर घ्यायचं, पुस्तक उघडायचं आणि सुरू : हे काय आहे? कोंबडी. म्हण, कोंबडी. हे काय? घर. म्हण. आठव्या की नवव्या दिवशी तिने माझं बोट चित्रावरून उचललं, पुस्तक मिटलं आणि पलंगाखाली ढकललं. पुढे बरेच दिवस ते तिथेच होतं. आमची संध्याकाळही तिथेच होती म्हणा ना.

मग आमच्या विहीणबाई आल्या, कुडाळच्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. झाडताना पुस्तक सापडलं, त्यांनी ते पुसलं आणि नातीला घेऊन खिडकीत बसल्या. मी आतून ऐकतोय. 'गो बाये, खंय चललंस?' हे कोंबडीला. मग शांतता. मग एकदम, 'कोलो इलो, कोलो इलो!' आणि नात खदखदून हसली. मी बाहेर आलो आणि अगदी शहाण्यासारखं म्हणालो, 'विहीणबाई, पुस्तकात तसं लिहिलेलं नाहीये.' त्या म्हणाल्या, 'लिहिलेलं नसेल, काढलेलं आहे की.'

या विषयावर मी वाचलेली यापेक्षा नेमकी समीक्षा मला आठवत नाही.

आता 'हे काय आहे?' या प्रश्नाची बाजूही मांडतो, नाहीतर अन्याय होईल. अनात निनिओ आणि जेरोम ब्रूनर यांनी १९७८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकच आई, एकच मूल, आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत. पुस्तक बघताना दोघं काय करतात, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. ती आईही 'हे काय?' विचारतेच. आधी 'बघ', मग 'हे काय?', मग नाव, मग 'हो, बरोबर'. पण सुरुवातीला ती उत्तर म्हणून काहीही घेते. हसणं, हात मारणं, नुसता आवाज. मुलाला बोलता येण्याच्या आधीपासून ती त्याची बोलायची पाळी राखून ठेवते. शब्द पुढे त्या राखलेल्या जागेत येतो. मी काय केलं? प्रश्न तोच, पण जागा राखली नाही. परीक्षा घेतली.

शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. चित्र म्हणजे काय, हेही शिकावं लागतं. ज्युडी डिलोच या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं की नऊ महिन्यांची मुलं पुस्तकातल्या वस्तूचा फोटो चिमटीत पकडून उचलू बघतात. एकोणीस महिन्यांच्या सुमारास तीच धडपड थांबते आणि मूल चित्राकडे बोट दाखवू लागतं. म्हणजे कागदावरचं केळं उचलायचं नसतं, त्याच्याबद्दल बोलायचं असतं, हा शोध त्या मधल्या महिन्यांत लागतो. एरिक कार्लच्या १९६९ सालच्या भुकेल्या सुरवंटाच्या पुस्तकात खरीखुरी भोकं आहेत. सुरवंट जे जे खातो त्यातून बोट आरपार जातं. मला ती पूर्वी गंमत वाटायची. आता वाटतं, ज्याला अजून चित्राला हात लावल्याशिवाय राहवत नाही, त्याची कार्लने सोय केलीय.

आता आपल्याकडे येऊ. दोन वर्षांच्या मुलासाठी म्हणून मराठी दुकानात काय मिळतं? पहिला ढीग अंकलिपीच्या नातलगांचा. पांढऱ्या पानावर कापून चिकटवल्यासारखी चित्रं, खाली नावं. अ अननसाचा. ई ईडलिंबाचा. ऐ ऐरणीचा. तुमच्यापैकी किती जणांनी ईडलिंबू हातात घेतलंय? (दोन-तीन हात वर) ऐरण? बरं. अक्षरासाठी वस्तू शोधली की असं होतं. अक्षराला सोयीची वस्तू येते, मुलाच्या घरातली येत नाही. आणि ईडलिंबू पानावर काही करतही नाही. त्याच्या मागे कोल्हा नाही. नाव घेऊन झालं की बोलणं संपलं.

दुसरा ढीग गोष्टींचा. तिथे आमचं जुनं दुखणं आहे, मजकुराला चित्रावर विश्वास नाही. चित्रात ससा पळतोय, खाली लिहिलंय 'ससा टुणटुण पळू लागला'. चित्रात तो रडतोय, खाली 'ससा रडू लागला'. शेवटी तात्पर्य, म्हणजे मुलाला जे एक सुचलं असतं तेही आपणच सांगून टाकायचं. मी अशा पुस्तकांची परीक्षणं 'मुलांना नक्की आवडतील' असं लिहून संपवलेली आहेत, हे कबूल करतो. एकाही मुलाला दाखवली नव्हती.

अपवाद आहेत. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात, म्हणून त्यांचे शब्द चित्राच्या अंगावर पडत नाहीत. 'राधाचं घर' या संचात घरातल्या माणसांची छोटी छोटी पुस्तकं आहेत, ती मी लेकीला आता आणायला सांगितलीत. 'चित्रवाचन' तर बिनशब्दांचंच. ते थोड्या मोठ्या मुलांचं आहे, पण घरातल्या मोठ्यांनी आधी ते वाचावं. शब्द नसले की आपण किती बावचळतो ते कळतं. मी बावचळलो.

आणि भाषेचं काय? विहीणबाई पुस्तक मालवणीत वाचतात. लेकीला आधी काळजी होती, मूल गोंधळेल, आधीच बोलत नाही. मी उलट म्हणतो. पुस्तकांतली मराठी बहुधा एकाच गावची असते. ज्या घरात 'कोलो' येतो त्या घरात 'कोल्हा' वाचायला लावलं, तर वाचणाऱ्या आजीचा आवाज पडतो. ती जपून वाचायला लागते, आणि जपून वाचलेलं मुलं ऐकत नाहीत. कमी शब्दांचं पुस्तक मला यासाठीही हवंय. त्यात आजीची भाषा मावते. छापलेल्या ओळींनी पान भरलं की ती बाहेर राहते आणि म्हणते, 'तुम्हीच वाचा हो, मला चश्मा लागतो.'

तर, शब्द वाढले का? लेक विचारते तेच तुम्ही विचाराल. वही अजून फ्रिजवर आहे. दोन वाढलेत, त्यातला एक 'कोओ', आणि तो वहीत कोणत्या रकान्यात घालायचा यावर घरात वाद चालू आहे. (हशा)

परवा तिने पुस्तक पलंगाखालून स्वतः काढलं. मांडीवर बसली नाही, माझ्यासमोर बसली. पुस्तक उलटं. दाताळ्याच्या पानावर बोट ठेवलं आणि चित्राकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली, आजोबांना दिसतंय का म्हणून. मी 'हे काय आहे?' म्हणणार होतो, तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, 'अगं बाई, त्याला लागणार आता!' तिने पान उलटलं.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय. हे पुस्तक इथे टेबलावर ठेवतो, ज्यांना बघायचंय त्यांनी बघा. तिसरं पान चिकटपट्टीने जोडलेलं आहे, तेवढं सांभाळून.