मुक्कामाची यादी : ‘ग्रीन बुक’चे एक वाचन

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकाला नवा नाही. १८५७च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात गेलेल्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून आजवरच्या प्रवासलेखनापर्यंत अनेक पुस्तके आपण वर्गात शिकवीत आलो आहोत. ती शिकवताना स्थळे, माणसे, लेखकाची दृष्टी आणि शैली यांचा विचार होतो. प्रवासी रात्री कोठे उतरला, पाणी कोठे प्याला, हा तपशील सहसा गौण समजला जातो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या इतिहासात प्रवासाचे जे सर्वांत उपयोगी पुस्तक ठरले, ते मात्र केवळ याच गौण तपशिलाचे बनलेले आहे. त्याचे नाव ‘द निग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक’. (‘निग्रो’ हा शब्द त्या काळी रूढ होता, आज तो टाळला जातो.) या पुस्तकाचे एक संहिता म्हणून वाचन करणे आणि त्याच्या प्रकाशात आजच्या वारसा-सहलींची पुस्तिका-पत्रके तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारे टपाल कर्मचारी. त्यांनी १९३६ साली या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती काढली. ती न्यूयॉर्क परिसरापुरती होती. पुढच्याच वर्षी तिचा विस्तार देशभर झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रकाशन थांबले, युद्धानंतर ते पुन्हा सुरू झाले. १९६० साली ग्रीन यांचे निधन झाल्यावरही पुस्तक चालू राहिले आणि १९६६-६७ची आवृत्ती शेवटची ठरली. एस्सो कंपनीच्या पेट्रोल पंपांवर ते मिळत असे. कृष्णवर्णीय मालकाला पंप चालवायला देणाऱ्या थोड्या कंपन्यांपैकी ती एक होती.

पुस्तकाची मांडणी पाहिली तर त्यात ‘लेखन’ म्हणावे असे फारच थोडे आहे. राज्य, त्याखाली शहर, त्याखाली हॉटेले, खानावळी, केशकर्तनालये, गॅरेज आणि ‘टूरिस्ट होम’ म्हणजे प्रवाशांना खोली देणारी खाजगी घरे. नाव आणि पत्ता. बस्स. पुष्कळ घरांपुढे घरमालकिणीचे नाव आहे. अशा पानांना समीक्षेच्या कसोट्या कशा लावायच्या, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते ही यादी वाचण्याची रीत तिने काय सांगितले यापेक्षा काय सांगितले नाही यावरून ठरते.

ज्या हॉटेलात प्रवेश नाही त्याचे नाव यादीत नाही. अमेरिकेत शेकडो गावे अशी होती की कृष्णवर्णीय माणसाने दिवेलागणीपूर्वी तेथून निघून गेलेच पाहिजे. जेम्स लोवेन या इतिहासकाराने २००५ साली या गावांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात दाखवून दिले की अशी गावे केवळ दक्षिणेतच नव्हती, उत्तरेत आणि मध्य-पश्चिमेतही होती. ‘ग्रीन बुक’मध्ये अशा गावांसाठी धोक्याची खूण नाही. ते गाव फक्त यादीतून गळलेले असते. वाचकाला ते कळते. दोन नोंदींमधल्या कोऱ्या अंतरात किती मैल न थांबता जायचे, हा हिशेब तो स्वतः करतो. म्हणून ही कुटुंबे डबे भरून घेत, पेट्रोलचा जादा कॅन गाडीत ठेवत, मुलांसाठी भांडे बरोबर नेत. ज्याला आज आपण ‘स्वस्तातली सहल’ म्हणू तिची ही सगळी लक्षणे आहेत; पण ती काटकसर हौसेची नव्हती, नाइलाजाची होती.

ग्रीन यांची भाषाही अशीच संयमी आहे. प्रस्तावनेत अपमान, मारहाण, झुंडबळी हे शब्द येत नाहीत. अडचणी आणि संकोच टाळता यावा म्हणून ही माहिती दिली आहे, असा सूर आहे. ज्यू समाजाच्या वृत्तपत्रांनी आपल्या वाचकांना अशीच माहिती दिली होती, त्या उदाहरणाचा ते उल्लेख करतात. आणि एक दिवस असा येईल की या पुस्तकाची गरज उरणार नाही, अशी आशा व्यक्त करतात. स्वतःच्या अंताची इच्छा करणारे पुस्तक वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच. हा संयम काहींना भिडस्तपणा वाटेल. मला तो तसा वाटत नाही. पेट्रोल पंपावर खुलेआम विकले जाणारे, दक्षिणेतील रस्त्यावर पोलिसाच्या हाती सहज पडू शकणारे हे पुस्तक होते. त्यातील सौम्य शब्द हा वाचकाच्या जिवाचा विचार होता.

तरी या संहितेच्या मर्यादा दाखवल्या पाहिजेत. मोटारगाडी असणाऱ्या मध्यमवर्गाचे हे पुस्तक आहे. बसच्या मागच्या आसनावर बसून जाणारा शेतमजूर त्यात नाही. आज त्याचा गौरव करताना सगळा कृष्णवर्णीय समाज हे पुस्तक हाती धरून फिरत होता असे चित्र उभे करणे चुकीचे ठरेल.

‘गरज उरणार नाही’ ती वेळ कायद्याने आणली. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा संमत झाला आणि हॉटेल, खानावळ, चित्रपटगृह अशा ठिकाणी वर्णावरून मज्जाव करणे बेकायदा ठरले. अटलांटातील एका मोटेलने या कायद्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६४मध्ये ते फेटाळले, आणि निकालाचा आधार समतेच्या तत्त्वापेक्षा व्यापाराचा होता: या मोटेलचे सुमारे तीन चतुर्थांश ग्राहक परराज्यातून येतात, प्रवाशाला मुक्काम नाकारल्याने राज्याराज्यांमधील व्यापारात अडथळा येतो, म्हणून संसदेला तसा कायदा करण्याचा अधिकार आहे. रस्त्यावरच्या माणसाला रात्रीची खोली मिळणे हा प्रश्न घटनेच्या केंद्राशी कसा पोचतो, हे राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी वर्गात जरूर सांगावे.

या यशाची दुसरी बाजूही आहे. सगळी दारे उघडल्यावर यादीतील जुनी घरे आणि हॉटेले ओस पडू लागली. त्यातच १९५६च्या कायद्याने सुरू झालेले महामार्ग अनेक शहरांत नेमके कृष्णवर्णीय वस्त्यांतून काढले गेले. मायामीतील ओव्हरटाउन, न्यू ऑर्लिअन्समधील क्लेबोर्न अव्हेन्यू ही ठळक उदाहरणे. प्रवास सुखाचा करणाऱ्या रस्त्यानेच मुक्कामाची ठिकाणे पुसली.

२०१८ साली ‘ग्रीन बुक’ नावाचा चित्रपट आला आणि पुढच्या वर्षी त्यास सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. १९६२ साली दक्षिणेत दौऱ्यावर गेलेला पियानोवादक डॉन शर्ली आणि त्याचा गोरा चालक यांची ही कथा. अभिनय उत्तम आहे. परंतु पुस्तकाच्या दृष्टीने पाहिले तर नाव तेवढे घेतले आहे. पुस्तक हाती धरतो तो गोरा चालक. पटकथा लिहिणाऱ्यांत त्याच चालकाचा मुलगा होता आणि शर्ली यांच्या कुटुंबीयांनी चित्रणावर आक्षेप घेतला. प्रवाशासाठी अंथरूण घालणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या त्या घरमालकिणी चित्रपटात जवळजवळ नाहीतच. एका समाजाने आपल्यासाठी उभारलेली व्यवस्था बाजूला पडते आणि एका गोऱ्या माणसाचे मतपरिवर्तन मध्यभागी येते. तुलनेने कॅन्डेसी टेलर, ग्रेचेन सोरिन (दोन्ही २०२०) आणि मिया बे (२०२१) यांचे ग्रंथ प्रवाशांच्या बाजूने लिहिलेले आहेत आणि अध्यापकाला अधिक उपयोगी पडतील.

आता आजच्या याद्यांकडे वळू. जानेवारी २०१८मध्ये ‘यू. एस. सिव्हिल राइट्स ट्रेल’ हा उपक्रम सुरू झाला. अनेक राज्यांतील चळवळीची स्थळे त्याने एका नकाशावर आणली. साउथ कॅरोलायना राज्याने तर २०१७ साली आपल्या वारसास्थळांच्या मार्गदर्शिकेला ‘ग्रीन बुक’ हेच नाव दिले. जी यादी एकेकाळी ‘येथे थांबा, जीव वाचेल’ म्हणून वाचली जाई, ती आता ‘येथे थांबा, आठवण ठेवा’ असे सांगते. हा बदल स्वागतार्ह आहे. पण यादी जुनी असो की नवी, तिची कसोटी एकच: दोन नोंदींमधल्या अंतराचे ती काय करते?

उदाहरण म्हणून अटलांटाहून निघणारा तीन दिवसांचा फेरा घेऊ. अटलांटात मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर व स्मृतिस्थळ, पुढे टस्कीगी, मग माँटगोमेरी, सेल्मा, बर्मिंगहॅम आणि परत. एकूण अंतर सुमारे सव्वासातशे किलोमीटर. यांतील राष्ट्रीय उद्यान खात्याच्या स्थळांना प्रवेशशुल्क नाही. माँटगोमेरीतील शांतता व न्यायाचे राष्ट्रीय स्मारक (२०१८) अल्प शुल्कात पाहता येते. तेथे आठशेहून अधिक पोलादी स्तंभ आहेत, प्रत्येक परगण्यासाठी एक, आणि त्यांवर ४,४००हून अधिक झुंडबळींची नोंद आहे. हीही एक यादीच. ‘ग्रीन बुक’ने जे शब्द टाळले तेच येथे पोलादावर कोरले आहेत. बर्मिंगहॅममध्ये ए. जी. गॅस्टन यांचे मोटेल (१९५४) आहे. ते किंग आणि सहकाऱ्यांचे मुक्कामाचे ठिकाण होते व मे १९६३मध्ये तेथे बाँब टाकण्यात आला. मुक्काम आणि चळवळ यांचे नाते तेथे प्रत्यक्ष दिसते.

बहुतेक पत्रके या फेऱ्यातील सेल्माला एक तास देतात. पुलावर छायाचित्र घ्यायचे आणि परतायचे. सेल्मा आज सुमारे अठरा हजार वस्तीचे, गरिबीने गांजलेले शहर आहे. जानेवारी २०२३च्या चक्रीवादळाने त्याचे आणखी नुकसान केले. येणाऱ्याने तेथे जेवावे, रात्र काढावी, चार पैसे गावात खर्चावेत, हे मूळ ‘ग्रीन बुक’चे सूत्र होते. त्याच्या वारसदारांनी ते विसरावे हे योग्य नव्हे.

त्याहून मोठी उणीव रस्त्याची आहे. सेल्मा ते माँटगोमेरी हे ५४ मैलांचे अंतर मार्च १९६५मध्ये मोर्चाने पाच दिवसांत पायी तोडले. मधला परगणा लाउंड्स. बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय, पण त्या वर्षाच्या आरंभी मतदार यादीत त्यांपैकी एकही नाव नव्हते. मोर्चा संपल्या रात्री याच रस्त्यावर व्हायोला लिउझो या स्वयंसेविकेला गोळी घालण्यात आली. मतनोंदणी केली म्हणून जमीनदारांनी घराबाहेर काढलेली कुटुंबे येथेच तंबूत राहिली. याच परगण्यातील स्थानिक पक्षाने काळा चित्ता हे निवडणूक चिन्ह घेतले. ते १९६६ साली ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने उचलले आणि त्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. मराठी वाङ्मयाला हादरा देणारे एक नाव ज्या मातीतून आले ती माती पत्रकात दोन ठळक टिंबांमधील कोरी जागा म्हणून उरते. मोटारीने ती तासाभरात मागे पडते.

येथे आपल्या घरातील एक संहिता आठवल्याशिवाय राहत नाही. ‘ग्रीन बुक’ निघाले त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे लहानसे आत्मकथन लिहिले, असे मानले जाते. तेही मुक्काम, वाहन आणि पाणी यांचेच लेखन आहे. मसूर स्थानकावर उतरलेली मुले. दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार नसलेला गाडीवान. बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्यांच्या धाकाने बाहेर पडावे लागलेला परदेशात शिकून आलेला अधिकारी. बडोद्याच्या वाचकांना ती बाग परिचयाची आहे, जिथे ते त्या दिवशी बसून राहिले. आणि १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग: सहकाऱ्यांसह किल्ला पाहायला गेलेल्या बाबासाहेबांनी हौदावर हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून ओरडत आला तो एक वृद्ध मुसलमान होता. आपल्या नियतकालिकात हा प्रसंग सांगताना तो झाकून पुढे जाता येणार नाही. ज्या धर्मात अस्पृश्यता नाही असे आपण अभिमानाने सांगतो, त्याच्या अनुयायांच्या हातूनही पाणी नाकारले गेले. दुसऱ्या देशाचा रस्ता वाचण्याचा खरा लाभ हाच की आपल्या रस्त्यावरची कोरी जागा दिसू लागते.

मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला. राष्ट्रीय संग्रहालये आणि उद्याने यांतील इतिहासाची मांडणी देशाला कमीपणा आणणारी आहे का, याची तपासणी त्याने सुरू झाली. स्मृतीची यादीही कायमची नसते. तिच्यातून नावे गळू शकतात. म्हणून अध्यापकांना सुचवावेसे वाटते: ‘ग्रीन बुक’च्या अनेक आवृत्त्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने संगणकावर विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. त्यांतील एक पान आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील एक प्रकरण विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावे. मग त्यांना आपल्या आजी-आजोबांना विचारायला सांगावे: प्रवासात तुम्ही कोठे उतरत होता, कोणाच्या घरी पाणी मिळत होते आणि कोणाच्या दारावरून पुढे जावे लागत होते? जी यादी तयार होईल ती छापली जावो न जावो, ती वर्गात मोठ्याने वाचली जावी.