पन्नाशीनंतरचा ख्रिस्तोफ वॉल्ट्झ

‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’चा पहिला प्रसंग तुम्ही बहुतेक फोनवर, तुकड्यातुकड्यांत पाहिला असेल. फ्रान्समधलं शेतघर, दुधाचा ग्लास आणि टेबलापाशी बसलेला अतिशय अदबशीर नाझी अधिकारी, हान्स लांडा. एकदा तो प्रसंग फक्त भाषेसाठी पहा. लांडा फ्रेंचमध्ये सुरुवात करतो, मग आपलं फ्रेंच संपलं म्हणून इंग्रजीत बोलायची परवानगी मागतो. खरं कारण नंतर कळतं. पायाखालच्या फळ्यांखाली लपलेल्या ज्यू कुटुंबाला इंग्रजी येत नाही. त्यांच्या मरणाची बोलणी त्यांच्याच डोक्यावर चाललीयेत आणि त्यांना पत्ता नाही. शेवटी तो पुन्हा फ्रेंचवर येतो आणि निरोप घेतल्यासारखं बोलत सैनिकांना आत घेतो.

ही भूमिका कुणाला जमणारच नाही, अशी भीती टॅरंटिनोला वाटत होती. मग ऑडिशनला वॉल्ट्झ आला. २००९ मध्ये कान महोत्सवाचं अभिनेत्याचं पारितोषिक, २०१० मध्ये ऑस्कर. वय त्रेपन्न.

‘एका रात्रीत स्टार’ हे वाक्य इथे फार चालतं आणि मला ते चीड आणतं. वॉल्ट्झचा जन्म १९५६चा, व्हिएन्नाचा. आईवडील नेपथ्य आणि वेशभूषा करणारे. तो तिथल्याच माक्स राइनहार्ट सेमिनारमध्ये शिकला आणि मग तीसेक वर्षं मुख्यतः जर्मन टीव्हीवर राबला. ‘डेरिक’सारख्या पोलिसी मालिका केल्या. १९९६ मध्ये रॉय ब्लॅक या गायकावरच्या टीव्ही चित्रपटात तर मुख्य भूमिका केली. म्हणजे काम होतं, नावही होतं. फक्त त्या भाषेच्या बाहेर नव्हतं.

मी अठ्ठावीसचा, कोड लिहून पोट भरतो. तिशीच्या आत काहीतरी करून दाखवायचं, हे आमच्याकडे हवेतच असतं. म्हणून ‘धीर धरा, तुमचीही वेळ येईल’ छापाच्या गोष्टीत वॉल्ट्झला बसवलेलं पाहिलं की मला उलट अस्वस्थ वाटतं. धीर त्याच्याकडे आधीही होताच. २००९ मध्ये नवीन होती ती अनेक भाषांत जगणाऱ्या माणसासाठी लिहिलेली भूमिका. ती लिहिलीच गेली नसती तर? तो तितकाच चांगला नट राहिला असता आणि मला त्याचं नावही ठाऊक नसतं.

यश आल्यावर हॉलिवूडने काय केलं? अदबशीर खलनायक मागवत राहिलं. ‘स्पेक्टर’मधला ब्लोफेल्ड पहा. तीच मऊ जीभ, तेच हसू, पण त्या अदबीला काही कामच नाही. लांडाची अदब म्हणजे हत्यार होतं. इथे ती नुसती सजावट आहे.

‘जँगो अनचेन्ड’मध्ये टॅरंटिनोने हेच उलटवलं, म्हणून दुसरं ऑस्कर मला पहिल्याइतकंच रास्त वाटतं. डॉ. शुल्ट्झ कायम सभ्य. पण गुलामांचा मालक कँडी व्यवहार पुरा करायला हस्तांदोलनाचा आग्रह धरतो, तेव्हा ती सभ्यता त्याला झेपत नाही. एक हात मिळवला असता तर सगळे सुखरूप सुटले असते. तो गोळी झाडतो.

आणि पोलान्स्कीचा ‘कार्नेज’ (२०११) चुकवू नका. त्यात वॉल्ट्झ सतत फोनवर बोलणारा वकील आहे. बायको, म्हणजे केट विन्स्लेट, शेवटी तो फोन फुलदाणीतल्या पाण्यात टाकते. फोनवर पाहत असाल तर जरा जास्तच लागेल.