म्हणींची खतावणी

आमच्या खारदांड्याला भरती-ओहोटीची वेळ रोज थोडी पुढे सरकते. पण रविवारी सकाळी नऊला नाना आमच्या दारात उभे राहतात ती वेळ काही सरकत नाही. येताना ते एखाद्या म्हणीची जन्मकथा घेऊन येतात. ही कथा त्यांना पहाटे मोबाइलवर आलेली असते. नऊपर्यंत तिचा इतिहास झालेला असतो, आणि चहा येईपर्यंत तिच्यावर शंका घेणारा मी महाराष्ट्रद्रोही ठरलेला असतो.

गेल्या खेपेस त्यांनी थेट साहेबावरच चाल केली. इंग्रजीत 'द होल नाइन यार्ड्स' असं म्हणतात. म्हणजे अथपासून इतिपर्यंत, काही हातचं न राखता. "साहेबानं आपली नऊवारी पाहिली आणि चाट पडला. तीच ही म्हण!" नाना म्हणाले. मी भीत भीत सांगितलं, की ही म्हण अमेरिकेतली. १९०७ साली तिथल्या एका वर्तमानपत्रात ती सापडते, आणि १९१२ साली तर 'नऊ'ऐवजी 'सहा यार्ड' असंही छापलेलं आहे.

"मग बरोबरच आहे," नाना म्हणाले, "पुढे बायका सहावारी नेसायला लागल्याच की!"

आता बोला!

निव्वळ वाङ्मय म्हणून पाहिलं तर ह्या जन्मकथा झकास असतात. एक काळोखी रात्र, एक शूर पुरुष, जमल्यास एखादा कापला गेलेला अवयव, आणि शेवटी 'तेव्हापासून म्हणू लागले' हे भरतवाक्य. उदाहरणार्थ, १६६३ साली लाल महालात शायिस्तेखानाची बोटं तुटली. इथवर इतिहास. पण 'जिवावरचं बोटावर निभावलं' हे तेव्हापासून म्हणू लागले, म्हणजे त्याआधी महाराष्ट्रात विळीवर कुणाचं बोटच कापलं नव्हतं की काय?

किंवा 'संक्रांत कोसळणे' घ्या. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, आणि संक्रांतही १४ जानेवारीची. नानांच्या मते विषय संपला. पण संक्रांत काही इंग्रजी तारखेला बांधलेली नाही, ती शतकागणिक पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. मग त्याच्या एकशेदोन वर्षं आधी ती चौदा तारखेला कुठून येणार? पानिपताच्या वेळी ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. शिवाय संक्रांतीचं वाहन कोणतं, ती कुठून येते, कुठे पाहते, आणि कोणावर तिची वक्रदृष्टी, हे पंचांगात घरोघर वाचत आले आहेत. कोसळायला तिला पानिपतापर्यंत जायची गरजच नव्हती.

ह्या जोडकामाला आपल्याकडे चांगला शब्द आहे: बादरायण संबंध. पाहुणा म्हणतो, माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं आणि तुमच्या दारात बोरीचं झाड, म्हणजे आपण नातेवाईक! बहुतेक म्हणी इतिहासाच्या घरी अशाच जेवायला आलेल्या असतात.

इथपर्यंत सगळी मौज. पण 'ध चा मा'पाशी आलो की माझ्यातला कारकून जागा होतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या 'धरावे'चं 'मारावे' केलं, असं आपण शाळेत शिकतो आणि फळ्यावर करूनही बघतो. पण फळ्यावर आपण बाळबोध लिहितो. पेशवाईतली पत्रं चालत मोडीत. शिवाय ती चिठ्ठी कोणत्याही दप्तरातून काढून दाखवता येत नाही. आमच्याकडे चेकवर एक आकडा जरी गिरवलेला दिसला, तरी आम्ही 'नवीन लिहून आणा' म्हणून परत करतो. इथे चेकच हजर नाही, आणि अडीचशे वर्षं खात्यावर रक्कम मात्र पडते आहे!

बरं, चौकशी करणारे रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. म्हणीनं ठेवला बायकोवर. ह्याच राघोबादादांच्या नावानं आपण 'अटकेपार झेंडे' लावतो. वास्तविक १७५८ साली दादासाहेब लाहोरापर्यंत गेले, आणि अटकेकडे पुढे गेले ते त्यांचे सरदार. म्हणजे खतावणी कशी लिहिली पाहा: दुसऱ्यांनी केलेलं जमा नवऱ्याच्या खाती, आणि नवऱ्यावर शाबीत झालेलं नावे बायकोच्या खाती! अशी नोंद मी केली असती तर पेन्शनीला मुकलो असतो.

हे सगळं मी नानांना दांड्याच्या बाजारात, पापलेटांच्या पाटीपुढे उभा राहून तावातावानं सांगत होतो. नाना इकडेतिकडे बघत म्हणाले, "अरे हळू! काय मासळीबाजार मांडलायस?"

पाटीमागची मावशी चमकून वर बघायला लागली.

"काय रं नाना, मासलीबाजार मंजे निस्ता गलका काय? आमी वरडताव, पन हिशेब चुकला का कवा? ह्याचे ब्यांकेन कशी गप शांतता हाय. माजा पासबुक तीन दिस झालं, भरून मिलत नाय!"

मी पापलेटांकडे बघायला लागलो. नानांनी तोंड उघडलं. 'मासळीबाजार' ह्या शब्दाचीही एखादी जन्मकथा त्यांच्याकडे तयार असणार. पण कोयता मावशीच्या हातात होता, आणि बोटावर निभावेल ह्याची खात्री नव्हती. त्यांनी मुकाट्यानं तोंड मिटलं आणि सांगितलेली किंमत घासाघीस न करता दिली.

आमच्या वीस वर्षांच्या ओळखीत हे प्रथमच घडलं. पुढेमागे ह्यावरून एखादी म्हण निघालीच, तर पुरावा असावा म्हणून मी तारखेसकट नोंद करून ठेवली आहे. आणि सोमवारी बँकेत गेल्यावर पहिलं काम केलं ते मावशीचं पासबुक भरण्याचं.